बथ, हीन आणि एकरभर द्राक्ष: हिब्रू मापांतलं पाणी सिंचनाच्या हिशेबात कसं आणायचं

इस्राएलचा राजा शलमोन याच्या यरुशलेममधल्या मंदिराच्या आवारात काशाचा एक भलाथोरला हौद होता. त्याला ओतीव सागर म्हणत. त्यात २००० बथ पाणी मावायचं, असं बायबलमध्ये १ राजे ७:२६ इथे लिहिलंय. बथ हे जुनं हिब्रू माप. माझ्या ओळखीच्या एका पाळकांची एकरभर द्राक्षबाग आहे. ठिबकचा आराखडा करायला गेलो होतो तेव्हा चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "त्या सागराच्या पाण्यात माझी बाग किती दिवस भिजेल हो?"

मी मोबाईलवर शोधून जागच्या जागी उत्तर ठोकलं आणि तोंडावर पडलो. एका तक्त्यातून बथ घेतला २२ लिटरचा, दुसऱ्यातून सेआ, म्हणजे त्याहून लहान हिब्रू माप, घेतला १३ लिटरचा. एका बथात तीन सेआ असतात. म्हणजे माझ्या हिशेबात तीन पिल्लं मिळून ३९ लिटर आणि त्यांना पोटात घेणारी आई २२ लिटर! चूक पाळकांनीच पकडली. त्यानंतर मी हा हिशेब पायऱ्या पाडून करायला लागलो. गुणाकार सातवीतला आहे. घोळ होतो तो सगळा गुणाकाराच्या आधी.

आधी शब्द पारखून घ्या

मजकुरातलं प्रत्येक भांडं म्हणजे माप नव्हे. लोग, हीन, बथ आणि कोर (कोर धान्यालाही लावत) ही पातळ पदार्थांची मापं. मुख्यतः तेल आणि द्राक्षारस यांच्यासाठी. काब, सेआ, एफा आणि होमेर ही धान्याची. या दोन घराण्यांची सोयरीक बायबलमधल्या यहेज्केल ४५:११ मध्ये स्वच्छ सांगितली आहे: बथ आणि एफा सारख्याच मापाचे, दोन्ही होमेरचा दहावा भाग. त्याच अध्यायात पुढे दहा बथांचा कोर येतो. म्हणजे कोर आणि होमेर आकाराने एकच. सेआ मूळचा धान्याचा असला तरी नंतरच्या ज्यू धर्मशास्त्रात तो पाण्यालाही लावतात. शुद्धीस्नानाच्या कुंडाला, म्हणजे मिकव्याला, ४० सेआ पाणी लागतं.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट घ्या. कर्मेल डोंगरावर तो यज्ञावर चार घागरी पाणी ओतायला लावतो, तेही तीनदा. या १२ घागरींचे लिटर करायचा मोह होतो, पण घागर हे माप नाही. कुणाची केवढी, कोण सांगणार? तिथेच वेदीभोवती खणलेल्या चराचं वर्णन 'दोन सेआ बियाणाचा' असं येतं. हा चर दोन सेआ मावतील एवढा होता, की दोन सेआ बी पेरता येईल एवढ्या जागेला वेढणारा, यावर टीकाकारांत दोन तट आहेत. बियाणावरून जमीन सांगायची रीत आपल्याला नवी नाही. कोकणात खंडीभर पेऱ्याची जमीन म्हणायचेच. पण म्हणूनच 'सेआ' दिसला की लगेच लिटर लिहू नका. तो क्षेत्रफळही असू शकतो.

नव्या करारात, काना नावाच्या गावातल्या लग्नात, दोन-तीन मापांचे सहा दगडी रांजण आहेत. तिथलं मूळ माप ग्रीक आहे, त्याला या तक्त्यात ओढू नका. आणि हाताशी अशी आवृत्ती ठेवा जिच्यात मापांची मूळ नावं राखली आहेत. भाषांतरकाराने लिटर करून दिले असतील तर त्याने कोणता बथ धरला हे तुम्हाला कळणार नाही.

मापांची उतरंड

घरात मडक्यांची उतरंड असते तशीच ही. वरून खाली, लहानाकडून मोठ्याकडे:

६ अंडी (कोंबडीच्या अंड्याचं आकारमान) = १ लोग
४ लोग = १ काब
१२ लोग = १ हीन
२ हीन = १ सेआ (२४ लोग)
३ सेआ = १ बथ (७२ लोग)
१० बथ = १ कोर (७२० लोग)

हे प्रमाण पक्कं धरायचं. लिटर बदलतील, हे आकडे बदलणार नाहीत. आपल्याकडे चार शेरांची पायली सगळीकडे चारच शेरांची, पण या तालुक्यातली पायली त्या तालुक्यात लहान पडायची, तसंच.

म्हणून सगळी आकडेमोड आधी हिब्रू मापांतच उरकून घ्या आणि लिटर अगदी शेवटी, एकदाच करा. मी नेमकं उलट केलं होतं.

बथ किती लिटरचा?

इथे थोडं थांबावं लागेल. याला एक उत्तर नाही, आणि एकच उत्तर देणारा तक्ता दिसला तर तो बाजूला ठेवा.

पहिलं उत्तर उत्खननाचं. तेल बेत मिर्सिम आणि लाखीश या यहूदा नावाच्या प्राचीन ज्यू राज्यातल्या जुन्या शहरांच्या टेकाडांत मडक्यांचे असे तुकडे सापडले ज्यांच्यावर 'बथ' ही खूण कोरलेली आहे. अखंड मडकं नाही, तुकडे. त्यांच्या गोलाईवरून पूर्ण भांडं कसं असेल याचा अंदाज बांधून विल्यम ऑलब्राइट या पुरातत्त्वज्ञाने बथ साधारण २२ लिटरचा ठरवला. आज बहुतेक अभ्यासक याच्याच आसपास राहतात. डोळ्यांसमोर आणायचं तर दुकाना-ऑफिसांत येणारा पाण्याचा २० लिटरचा जार आणि वर एकेक लिटरच्या दोन बाटल्या.

दुसरं उत्तर जोसेफसचं. पहिल्या शतकातला हा ज्यू इतिहासकार रोमन वाचकांना समजावताना एका बथात ७२ सेक्स्टारियस मावतात म्हणतो. हे रोमन माप अर्ध्या लिटरहून थोडं मोठं, सुमारे ०.५४६ लिटर. गुणलं की बथ ३९.३ लिटरचा होतो. जवळजवळ दुप्पट! त्याच्या काळापर्यंत मापच फुगलं होतं, की त्याने ७२ लोगांना सरसकट ७२ रोमन मापं लावून टाकली, यावर वाद आहे. मला दुसरी शक्यता जास्त पटते. आकडा फारच सोयीचा जुळतो.

मापं फुगत गेली हे मात्र ज्यू परंपरा स्वतःच मान्य करते. मिश्ना या जुन्या ज्यू नियमग्रंथात यरुशलेमचे पाच सेआ म्हणजे रानातले, म्हणजे मोशेच्या काळचे, सहा सेआ असं येतं. पुढे गालीलातल्या सेफोरिस शहराने ते आणखी तेवढ्याच पटीने वाढवलं. अंड्यांत सांगायचं तर रानातला सेआ १४४ अंड्यांचा, यरुशलेमचा सुमारे १७३ आणि सेफोरिसचा सुमारे २०७.

तिसरं आणि चौथं उत्तर आजच्या धार्मिक व्यवहारातलं. रब्बी हाईम नाए यांच्या मोजणीने बथ २४.९ लिटर येतो, हझोन ईश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रब्बींच्या मोजणीने ४३ लिटर. एवढी तफावत का? अठराव्या शतकात प्रागच्या रब्बी यहेज्केल लांडाव यांनी एकच माप अंड्यांनी आणि अंगठ्याच्या रुंदीने मोजून पाहिलं. दोन्ही जुळेनात, एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट निघालं. माणसाचा अंगठा काही वाढलेला नाही, म्हणजे कोंबडीची अंडीच निम्मी झाली असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हझोन ईश त्या बाजूचे, नाए दुसऱ्या बाजूचे. कोंबड्यांनी आपली बाजू मांडलेली नाही.

तर चार बथ तुमच्यासमोर आहेत. लिटरमध्ये:

उत्खनन: हीन ३.६७, सेआ ७.३३, बथ २२, कोर २२०
नाए: हीन ४.१५, सेआ ८.२९, बथ २४.९, कोर २४९
जोसेफस: हीन ६.५५, सेआ १३.१, बथ ३९.३, कोर ३९३
हझोन ईश: हीन ७.१७, सेआ १४.३, बथ ४३, कोर ४३०

कोणती ओळ घ्यायची ते मजकुराच्या काळावरून ठरवा. राजांच्या काळातला मजकूर असेल तर पहिली. पहिल्या शतकातला असेल तर जोसेफसची. आजच्या ज्यू घरातला किंवा सिनेगॉगमधला प्रश्न असेल तर त्यांचे रब्बी ज्यांचं मानतात त्यांची. एकदा ओळ धरली की हिशेब संपेपर्यंत ती सोडायची नाही. माझा १३ लिटरचा सेआ जोसेफसच्या ओळीतला होता, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

हाताचं सूत्र

पडताळ्यासाठी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात ४० सेआ पाणी म्हणजे एक हात लांब, एक हात रुंद, तीन हात खोल एवढी जागा, असं दिलं आहे. हा हात म्हणजे आपलाच हात: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, २४ अंगुळांचा. ४० सेआ म्हणजे ३ घनहात, तर तीन सेआंचा एक बथ म्हणजे ०.२२५ घनहात.

बथ = हात × हात × हात × ०.२२५

हात सेंटिमीटरमध्ये घ्या, उत्तर १००० ने भागा, लिटर मिळतात. नाए यांचा हात ४८ सेंटिमीटरचा: ४८ चा घन १,१०,५९२, त्याला ०.२२५ ने गुणलं की २४.९ लिटर. हझोन ईश यांचा हात ५७.६ सेंटिमीटरचा, त्यावरून बरोबर ४३. वरच्या तक्त्यातल्या दोन ओळी याच सूत्रातून पडतात.

मी शिंप्याकडचा टेप घेऊन स्वतःचा हात मोजला. ४६ सेंटिमीटर भरला. बथ आला २१.९ लिटर, ऑलब्राइटच्या आकड्याला जवळजवळ चिकटून. यावरून काही सिद्ध होत नाही, माझा हात यहूदाच्या राजाने प्रमाणित केलेला नाही. पण तुमच्या उत्तरात बथ ८० लिटरचा किंवा ६ लिटरचा आला, तर कुठेतरी घसरलात हे या सूत्राने लगेच कळतं.

यरुशलेममधला एक आकडाही इथे कामी येतो. गीहोन झऱ्याचं पाणी शिलोह तळ्याकडे नेणारा भुयारी बोगदा आहे, हिज्किया राजाच्या नावाने ओळखला जाणारा. त्यातल्या शिलालेखात पाणी १२०० हात वाहत गेलं असं लिहिलंय. बोगदा मोजला तर ५३३ मीटर भरतो. म्हणजे हात ४४.४ सेंटिमीटरचा आणि बथ सुमारे १९.७ लिटरचा. १२०० हा गोळाबेरीज आकडा असणार, तरी उत्तर त्याच आवाक्यात पडतं.

आता ओतीव सागर. दहा हात व्यास, पाच हात उंची. साध्या गोल हौदाचं सूत्र लावलं तर ३९३ घनहात येतात. २००० बथांना मात्र ४५० लागतात. तालमूदमधल्या रब्बींनी यावर तोड काढली: खालचे तीन हात चौकोनी धरायचे (१० × १० × ३ = ३००) आणि वरचे दोन हात गोल (७५ × २ = १५०; परीघ व्यासाच्या तिप्पट धरून). बेरीज बरोब्बर ४५०. मंदिर पडल्यावर काही शतकांनी बसवलेला हा हिशेब आहे, पण हुशारीला दाद द्यावी लागते. २ इतिहास ४:५ मध्ये त्याच सागराचे ३००० बथ दिलेत, तो फरक त्यांनी शिगोशीग भरलेल्या धान्याचं माप म्हणून सोडवला. हिशेबात मी २००० च धरतो.

लिटरकडून शेताकडे

इथून पुढे आपलं रोजचं काम. हजार लिटरचा एक घनमीटर. इस्रायलमध्ये शेतकरी घनमीटरला कूब म्हणतात आणि जमीन दुनाममध्ये मोजतात. दुनाम म्हणजे १००० चौरस मीटर, आपल्या दहा गुंठ्यांना थोडासा कमी. त्यामुळे त्यांचा हिशेब फार सुटसुटीत होतो: एका दुनामावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक कूब.

आपल्यासाठी तेच असं:

१ चौरस मीटरवर १ मिमी = १ लिटर
१ गुंठ्यावर १ मिमी = १०१ लिटर
१ एकरावर १ मिमी = ४.०५ घनमीटर
१ हेक्टरावर १ मिमी = १० घनमीटर

सिंचनात नुसतं आकारमान मुकं असतं. किती जागेवर, हे कळलं की ते बोलायला लागतं. २००० बथ गुणिले २२ म्हणजे ४४,००० लिटर, ४४ घनमीटर. एका दुनामावर ४४ मिलिमीटर, एका एकरावर जेमतेम ११. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या शेततळ्यात सुमारे २२०० घनमीटर पाणी बसतं. म्हणजे असे पन्नास सागर एका शेततळ्यात मावतील. टीएमसीत तर हे करूच नका. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, तिथे शलमोनाचा सागर दशांश चिन्हामागच्या शून्यांत बुडून जातो.

कालव्याच्या भाषेत सांगायचं असेल तर एक क्युसेक तासभर सोडलं की सुमारे १०२ घनमीटर होतात. म्हणजे ओतीव सागर एका क्युसेकने साधारण २६ मिनिटांत भरला असता.

एक गोष्ट मनात असू द्या. हिब्रू मापांत शेताला पाणी देण्याचं माप असं नाहीच. अनुवाद ११:१० मध्ये दोन देशांची तुलना आहे: मिसरात (इजिप्तमध्ये) बी पेरून पायांनी पाणी द्यावं लागायचं, भाजीच्या वाफ्यासारखं, पुढचा देश मात्र आकाशातल्या पावसाचं पाणी पितो. पावसावरच्या शेतीत पाणी भांड्याने कोण मोजतो? बथ हा तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या कोठारातला. त्याला शेतात आपण आणतोय.

वेळेत कसं सांगायचं

पाणी मापून दिल्याचा एक उल्लेख मात्र थेट सापडतो, आणि तो जीव कासावीस करणारा आहे. यहेज्केल ४:११ मध्ये वेढ्यात अडकलेल्या यरुशलेमचं चित्र म्हणून संदेष्ट्याला पाणीसुद्धा मापून प्यायला सांगितलंय, हीनाचा सहावा भाग. हा हिशेब नवशिक्याने स्वतः करून पाहावा, कारण त्यात सगळ्या पायऱ्या येतात.

हीन १२ लोगांचा, सहावा भाग २ लोग. इथपर्यंत लिटर नाहीत. मजकूर बाबेलच्या (बॅबिलोनच्या) वेढ्याच्या काळचा, म्हणून पहिली ओळ: हीन ३.६७ लिटर, भागिले ६, म्हणजे ०.६१ लिटर. नाए यांच्या ओळीने ०.६९, जोसेफसच्या १.०९, हझोन ईश यांच्या १.१९. तासाला २ लिटर टाकणारा ड्रीपर घेतला तर ०.६१ लिटर पडायला १८ मिनिटं लागतात.

लॅटरलखाली, म्हणजे ठिबकच्या नळीखाली, प्लास्टिकचा मग धरून मी हे एकदा केलं. अठरा मिनिटांनी मग अर्ध्याच्या थोडा वर भरला होता. एका माणसाचा दिवसाचा वाटा, उन्हाळा असो की हिवाळा.

उत्तर लिहिताना आकडे गोल करा. बथ 'सुमारे २२' असताना ४४.०३७ घनमीटर लिहिणं म्हणजे गावठी काट्यावर सोनं तोलणं. दोन सार्थ अंक पुरे. शेजारी कोणता बथ धरला ते लिहा आणि शक्य असेल तर दुसऱ्या टोकाचा आकडाही द्या. माझ्या वहीत ती नोंद अशी आहे: 'ओतीव सागर, २००० बथ. बथ २२ लि. धरून ४४ घ.मी., एकरी ११ मिमी. बथ ३९.३ लि. धरून ७९ घ.मी., एकरी १९ मिमी.'

हे घेऊन पाळकांकडे परत गेलो. ऐन उन्हाळ्यात बागेला दिवसाला ५ मिलिमीटर लागतात असं धरलं होतं. म्हटलं, दोन दिवस. जोसेफसवर विश्वास ठेवलात तर पावणेचार.

त्यांनी बागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढा सागर, बारा बैलांच्या पाठीवर उभा, आणि दोन दिवस?"

मग स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे म्हणा. तो याजकांनी हातपाय धुवायला होता. बागेसाठी थोडाच होता."